रिपोर्ट नॉर्मल, डोकं मात्र धरलेलंच

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. वय 34, प्राथमिक शाळेत शिक्षिका. अर्धशिशी कॉलेजपासूनची, पण गेली तीन वर्षं महिन्यातले अठरा-वीस दिवस डोकं दुखतं. त्यातले निम्मे दिवस कपाळाला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचे. तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." दुसऱ्यांनी एमआरआय काढायला लावला, फिल्म उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "काही झालेलं नाही तुम्हाला." तिसऱ्यांनी तुमच्याकडे न बघता तुमच्या यजमानांना सांगितलं, "यांना जरा कुठे फिरवून आणा." मेडिकलमधून आणलेली गोळी आता जवळजवळ रोज लागते. आणि विचारलंय असं, की ऐकून घेणारंच कुणी नसेल तर या दुखण्यासोबत दिवस काढायचे कसे? जाता जाता सासूबाईंच्या सुंठीच्या लेपाबद्दलही विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी देतो.

मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून मला 26 वर्षं झाली. सल्ला देण्याआधी एक कबुली द्यायला हवी, कारण त्या तीन डॉक्टरांच्या खुर्चीत मीही बसलेलो आहे. तेव्हा नवा होतो. सरकारी रुग्णालयाची ओपीडी, बाहेर रांग, टेबलावर केसपेपरांचा ढीग. पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई सांगत होत्या, "न्हायलं की डोकं धरतंय बघा, संध्याकाळपर्यंत सोडत नाही." मी म्हणालो, "मग न्हाऊ नका." शेजारचा निवासी डॉक्टर हसला, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. चिठ्ठी घेऊन गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

पुढे 2006 मध्ये मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांचा निबंध 'सेफलाल्जिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. विषय होता केस धुतल्यावर उठणारी अर्धशिशी, आणि आधाराला 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणं. पाश्चात्त्य पुस्तकांवर शिकलेल्या आम्हाला हे कारण कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडच्या लांब केसांच्या बायकांना मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. निबंध वाचला त्या दिवशी मला त्या बाई आठवल्या. त्या मला माझ्या पुस्तकात नसलेली गोष्ट सांगत होत्या आणि मी विनोद केला होता.

हे सांगण्याचं कारण असं. अर्धशिशीला तपासणी नाही. रक्तात ती सापडत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती 2018 मध्ये आली. त्यातलं अर्धशिशीचं निदान पूर्णपणे रुग्णाच्या सांगण्यावर होतं. दुखणं 4 ते 72 तास टिकतं का, एका बाजूला आहे का, ठणके मारतात का, जिना चढताना वाढतं का, मळमळतं का, उजेड आणि आवाज सोसत नाहीत का? तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यात 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले किमान 8 दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे असतील, तर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. लांबून निदान करू नये हे मला कळतं, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन त्यात चपखल बसतं. तेव्हा या आजारात ऐकून घेणं हा डॉक्टरच्या चांगुलपणाचा भाग नाही. छातीच्या आजारात स्टेथोस्कोप असतो तसं ते इथलं उपकरण आहे. ज्यानं ऐकलं नाही, त्यानं तुम्हाला तपासलेलं नाही. तुम्ही तीन डॉक्टर म्हणता, माझ्या हिशेबात तुमची तपासणी अजून एकदाही झालेली नाही. हे वाचायला वाईट वाटेल, पण यातच आशाही आहे. उपचार हरलेले नाहीत, ते सुरूच झालेले नाहीत.

मग तो नॉर्मल एमआरआय काय सांगतो? गाठ नाही, रक्तस्राव नाही, मोठी सूज नाही, एवढंच. घराचा नकाशा बघून घरात भांडण चालू आहे की नाही ते कळत नाही, तसं आहे हे. अर्धशिशीत मेंदूची रचना जागेवर असते, कारभार बिघडलेला असतो. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणांच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल ही नस उत्तेजित होते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा पदार्थ पाझरतो, आणि एरवी दुखायला नको ते दुखू लागतं. केसांतून कंगवा फिरवला तरी कळ येते, चष्म्याची दांडी टोचते, अंबाडा सोडावासा वाटतो. याला आमच्या भाषेत नाव आहे, 'अ‍ॅलोडिनिया'. तुम्ही ते कधी डॉक्टरांना सांगितलंत का? बहुतेक नसेल. "वेडी म्हणतील" म्हणून बायका हे सांगत नाहीत, आणि निदानाला नेमकं तेच उपयोगाचं असतं. सीजीआरपीचं हे सगळं कोडं सोडवणाऱ्या चार शास्त्रज्ञांना 2021 चा 'ब्रेन प्राइझ' हा मेंदूसंशोधनातला मोठा पुरस्कार मिळाला. पुढच्या वेळी कुणी "मनाचे खेळ आहेत" म्हणालं तर हे आठवा.

डॉक्टर असे का वागतात हेही सांगतो. समर्थन म्हणून नाही, पण समोरच्याचं कुठे अडतं ते कळलं की त्याच्याकडून काम काढून घेता येतं. पहिलं कारण वेळ. 67 देशांतल्या पाहण्या एकत्र करून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या प्राथमिक तपासणीला सरासरी दोन मिनिटं मिळतात असं दिसलं होतं. स्वीडनमध्ये साडेबावीस. दोन मिनिटांत अर्धशिशीची हकिगत सांगून होत नाही, नुसतं "डोकं दुखतं" एवढंच होतं. दुसरं कारण आमच्या शिक्षणात आहे. डोकेदुखीचा रुग्ण आला की आमच्या मनात भीती असते ट्यूमरची, मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणांना येणाऱ्या सुजेची). एमआरआय नॉर्मल आला की डॉक्टरचा जीव भांड्यात पडतो. तुमचा प्रश्न तिथून सुरू होतो आणि त्याचा तिथे संपलेला असतो. "काही झालेलं नाही" हे वाक्य तो स्वतःला सांगत असतो खरं तर. तिसरं कारण उघड बोललं जात नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना साधारण तिप्पट होतो, आणि बाईचं दुखणं म्हणजे निम्मं कौतुक, हा समज पांढरा कोट घातल्यानं जात नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून संवाद आणि वृत्ती यांचा वेगळा भाग आलाय. त्या मुलांकडून मला आशा आहे. माझ्या पिढीनं हे शिकायचं ते रुग्णांची मनं दुखावून शिकलं.

बरं, आता माझ्या काळजीचा मुद्दा. तुमच्या प्रश्नात तो अर्ध्या ओळीत आहे: "गोळी जवळजवळ रोज लागते."

दुखणं थांबवणारी गोळी फार वेळा घेतली की तीच दुखणं वाढवते. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा जास्त दिवस आणि ट्रिप्टान, एर्गोटामाइन (ही अर्धशिशीचा झटका थांबवायची खास औषधं) किंवा अनेक औषधं एकत्र असलेल्या गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर ही स्थिती येऊ शकते. आपल्याकडे मेडिकलवाला "अर्धशिशीची" म्हणून जी गोळी काढून देतो, तिच्यात बहुतेकदा एर्गोटामाइन, कॅफीन, पॅरासिटामॉल अशी खिचडी असते. म्हणजे तुमची मर्यादा बहुधा 10 दिवसांची आहे, 15 ची नाही. इथे गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. एका दिवसात दोन घेतल्या तरी तो एकच दिवस. उलट "अर्धीच घेतली" म्हणून तो दिवस सुटत नाही.

याच जागी डॉक्टर सगळ्यात जास्त तुसडे होतात. "तुम्हीच गोळ्या खाऊन खाऊन वाढवून ठेवलंय!" अहो, वर्गात पंचेचाळीस मुलं बसलेली आहेत आणि डोळ्यामागे कुणी घण घालतंय, तेव्हा माणूस गोळी खाणार नाही तर काय करणार? तुम्हाला दुसरं काही दिलंच नव्हतं कुणी. हे व्यसन नव्हे, हा अर्धवट उपचारांचा परिणाम आहे. यातून बाहेर पडता येतं. ती गोळी बंद करायची आणि त्याच सुमारास रोज घ्यायचं प्रतिबंधक, म्हणजे झटके मुळात कमी करणारं, औषध सुरू करायचं. पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, डोकं जास्तच दुखतं, मळमळतं, झोप उडते. हे आधी सांगितलेलं नसेल तर रुग्ण चौथ्या दिवशी परत गोळीकडे जातो आणि डॉक्टर म्हणतो, "यांच्यात जिद्दच नाही." म्हणून हे परीक्षेच्या आठवड्यात किंवा गौरी-गणपतीत करू नका. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी बघा, घरात सांगून ठेवा. गोळ्यांत कोडीन, ट्रामाडॉल किंवा झोपेचं औषध असेल तर मात्र आपापलं एकदम बंद करायचं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

प्रतिबंधक औषधांची एक गंमत आहे, आणि त्या गंमतीपायी माझे कितीतरी रुग्ण हातचे गेलेत. यातली बहुतेक जुनी औषधं दुसऱ्याच आजारासाठी निघाली. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाब आणि हृदयविकाराचं, टोपिरामेट फिट्सचं, अमिट्रिप्टिलिन नैराश्याचं. अर्धशिशीला त्यांचा उपयोग होतो हे नंतर लक्षात आलं. डॉक्टर घाईत चिठ्ठी लिहितो, यातलं काहीच सांगत नाही. रुग्ण मेडिकलमध्ये जातो आणि काउंटरवरचा मुलगा चार माणसांत विचारतो, "फिट येते का तुम्हाला?" किंवा शेजारीण पाकीट वाचून म्हणते, "अगं, ही डिप्रेशनची गोळी आहे." झालं! मनात बसतं की डॉक्टरांनी आपल्याला वेड्यातच काढलंय. गोळी कपाटात जाते. मी आता चिठ्ठी देताना सांगतो, की मेडिकलवाला काय म्हणेल ते आधी ऐकून जा. अर्धशिशीसाठी अमिट्रिप्टिलिनचा डोस सहसा 10 मिलिग्रॅमपासून सुरू होतो, नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा कितीतरी कमी.

दुसरी गोष्ट धीराची. ही औषधं पोचायला वेळ घेतात. योग्य डोसवर आल्यानंतर किमान आठ आठवडे दिल्याशिवाय "लागू पडत नाही" असं म्हणता येत नाही. "मी पाच औषधं करून बघितली" असं सांगणाऱ्यांची फाइल उघडली की चार औषधं पंधरा-पंधरा दिवसांची निघतात. आणि कुठलं औषध कुणाला नको हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको. मूल हवं असेल किंवा होण्याची शक्यता असेल तर व्हॅल्प्रोएट (हेही मुळात फिट्सचं) आणि टोपिरामेट नको, पोटातल्या बाळाला अपाय होतो. फ्लुनारिझिन हे प्रतिबंधक औषध आपल्याकडे सर्रास देतात. वजन वाढलं किंवा मन उदास राहू लागलं तर ते त्या गोळीमुळे असू शकतं हे लक्षात ठेवा. तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, हे मला माहीत नाही, पण तिसऱ्या डॉक्टरांनी यजमानांना सहलीचा सल्ला देण्याऐवजी हे विचारायला हवं होतं.

या औषधांनी भागलं नाही तर पुढे वाट आहे. बोटुलिनम टॉक्सिनची (म्हणजे बोटॉक्सची) इंजेक्शनं कपाळ, कानशिलं, मान, खांदे अशा 31 ठिकाणी, दर 12 आठवड्यांनी. जुनाट अर्धशिशीसाठी अमेरिकेत त्यांना 2010 मध्ये मान्यता मिळाली. सीजीआरपीला थेट अडवणारी इंजेक्शनं 2018 पासून आली. ही मात्र औषधं अर्धशिशीसाठीच जन्मलेली. भारतात मिळतात, पण महाग आहेत, आणि शिक्षिकेच्या पगारातून दर महिन्याला परवडतील असं मी म्हणणार नाही. तरी ती आहेत हे माहीत असावं. "आता काही उरलं नाही" असं कुणी म्हणालं तर ते खरं नसतं.

आता पित्ताचं. मराठी घरात अर्धशिशीचं निम्मं आयुष्य पित्ताच्या नावावर जातं. डोकं चढलं, मळमळलं, उलटी झाली, मोकळं वाटलं, म्हणजे पित्त पडलं. प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीचीच लक्षणं आहेत, आणि झटका ओसरताना उलटी झाली की उतार पडल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षं सकाळी उठून पित्ताची गोळी खाणारे लोक मी रोज बघतो. यातला कामाचा भाग असा, की झटक्यात पोटाचं काम मंदावतं, गोळी पोटात तशीच पडून राहते. म्हणून "बघू, थांबतंय का" करत दोन तास काढायचे नाहीत. दुखणं हलकं असतानाच, पहिल्या तासाभरात, आपल्याला ठरवून दिलेली गोळी पुऱ्या डोसमध्ये घ्यायची, मळमळत असेल तर सोबत उलटी थांबवणारं औषध. दिवसांची मर्यादा पाळून, अर्थात. ट्रिप्टानच्या गोळ्या या कामाला चांगल्या, पण हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना चालत नाहीत, आणि एर्गोटामाइनच्या गोळीनंतर चोवीस तासांच्या आत तर नाहीच नाही.

मानेचंही तसंच. झटक्याच्या आदल्या दिवशी मान आखडते, जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, चिडचिड होते. ही झटक्याची सुरुवात असते. लोक ते कारण समजतात. मग मानेला पट्टा लागतो आणि चॉकलेट बंद होतं. कारणांच्या लांबलचक याद्या देणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो. चीज नको, लोणचं नको, संत्री नकोत, ऊन नको, प्रवास नको, रडू नका, जागू नका. हे म्हणजे "चूक तुमचीच" असं सभ्य भाषेत म्हणणं झालं. स्वतःचं कारण स्वतःच्या नोंदीतून निघतं, आणि बहुतेकांना ती दोन-तीनच असतात: झोप मोडणं, जेवण चुकणं, पाळी, ऊन. आमच्याकडे एकादशीच्या आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी डोकेदुखीचे फोन वाढतात. उपास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, पण कडक करू नका, दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या, आणि चहा रोजचा असेल तर त्या दिवशी एकदम तोडू नका. डोक्यावरून आंघोळीनं दुखत असेल तर सकाळच्या घाईत, रिकाम्या पोटी न्हाऊ नका. सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर न्हा, ओले केस बांधून ठेवू नका.

आता मुख्य काम, डॉक्टरसमोर कसं बसायचं. नोंद ठेवायला मोबाइलचं अ‍ॅप वगैरे लागत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिता ना, तिथेच. डोकं दुखलं त्या तारखेला टिंब. आडवं पडावं लागलं तर टिंबाला गोल. गोळी घेतली तर 'ग'. पाळीची तारीख. बस्स. रोज रकानेच्या रकाने भरणाऱ्या वह्या मी पाहिल्यात. त्या पंधरा दिवसांत बंद पडतात, आणि सतत दुखण्याकडेच लक्ष लागून राहतं ते वेगळंच. तीन महिने झाले की त्यातून एका पानावर चार वाक्यं काढा. उदाहरणार्थ: "गेल्या 90 दिवसांत 56 दिवस डोकं दुखलं. 27 दिवस आडवं पडावं लागलं. 48 दिवस गोळी घेतली, नाव अमुक. 11 दिवस रजा, आणि 20 दिवस घरातलं काही करता आलं नाही." हे पान डॉक्टरांच्या हातात द्या आणि पहिलं वाक्य हेच बोला. "फार त्रास होतो हो" हे वाक्य दिवसभरात पन्नास जणांकडून ऐकलेलं असतं, ते कानाला लागत नाही. 90 पैकी 56 लागतं. आम्ही वापरतो ती 'मिडास' नावाची प्रश्नावली असेच पाच प्रश्न विचारते, नोकरी, घरकाम, समारंभ यांतले बुडालेले दिवस मोजते आणि तीन महिन्यांत 21 किंवा जास्त झाले की तीव्र बाधा म्हणते. घरकामाचे दिवस त्यात रीतसर धरलेले आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण बायका ते सांगतच नाहीत.

"रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हटल्यावर गप्प उठून यायचं नाही. म्हणायचं, "ते बरंच झालं डॉक्टर. म्हणजे ही अर्धशिशीच ना? मग पुढच्या तीन महिन्यांचं काय ठरवायचं?" औषध लिहिलं की तीन प्रश्न: किती दिवस घ्यायचं, लागू पडतंय हे कशावरून समजायचं, नाही पडलं तर पुढचं कुठलं. चिडून नाही, वर्गात फळ्यावर गणित घालताना विचारता तसं. यजमानांना सोबत न्या, पण आधी घरी ठरवून घ्या की बोलणार तुम्ही. ते साक्षीला. "झटक्यात ती कशी दिसते, किती तास पडून असते" हे त्यांनी सांगितलं तर वजन येतं, वाईट असलं तरी खरं आहे. आणि डॉक्टर त्यांच्याशीच बोलू लागले तर त्यांनीच म्हणावं, "तिलाच सांगा ना डॉक्टर, औषध तिला घ्यायचंय."

डॉक्टर कधी बदलायचा? गोड बोलणं ही माझी पहिली कसोटी नाही. अतिशय मायेनं बोलून दर आठवड्याला कमरेत वेदनाशामक इंजेक्शन ठोकणारे डॉक्टर मी पाहिलेत, आणि तुटक बोलणारे पण नेमकं औषध देऊन वर्षभरात झटके निम्म्यावर आणणारेही. मी एवढंच बघेन: महिन्यात किती दिवस दुखतं हे विचारलं का, गोळ्या किती घेता हे विचारलं का, परत कधी यायचं आणि तेव्हा काय बघणार हे सांगितलं का. तिन्हींना नाही असेल तर दुसरा शोधा. अपमान सोसत राहण्याचं मात्र काही कारण नाही, तो कितीही मोठा तज्ज्ञ असो. दुसरं मत घेणं हा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत आहे, आणि मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यायची हा डॉक्टरांवरचा नियम तर 2002 पासूनचा. खरं सांगू का, बहुतेक रुग्णांची गाडी मार्गी लागलेली मी पाहिली ती एका साध्या जोडीनं: ओळखीचे फॅमिली डॉक्टर, जे दर महिन्याला पाच मिनिटं देतात, डोस वर-खाली करतात, आणि तीन-चार महिन्यांतून एकदा तज्ज्ञ. सगळं तज्ज्ञाकडून मिळावं ही अपेक्षा आपल्याकडच्या गर्दीत पुरी होत नाही. त्या फॅमिली डॉक्टरांकडून एक पत्रही घेऊन ठेवा: निदान, चालू औषधं, झटक्यात काय द्यायचं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत नवख्या डॉक्टरसमोर उलट्या करत हकिगत सांगता येत नाही. पत्र पुढे करता येतं.

एक धोका तुमच्यासारख्यांनाच जास्त असतो. दहा वेळा "काही नाही" ऐकलं की माणूस स्वतःलाही "काही नाही" म्हणू लागतो. डोक्यात वीज पडावी तशी एका मिनिटात शिगेला पोचणारी वेदना, ताप आणि मान कडक, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं, खोकल्यानं किंवा वाकल्यानं नव्यानं दुखू लागणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत उठलेली नवी डोकेदुखी: यातलं काहीही असेल तर "नेहमीचंच" म्हणून झोपायचं नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. बाळंतिणीच्या डोक्यातल्या शिरांत रक्त गोठण्याचा प्रकार आपल्याकडे बघायला मिळतो, आणि "जागरणानं दुखतंय" म्हणून तो अंगावर काढला जातो. अजून एक: डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकती नागमोडी रेघ सरकत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका. दोन्ही मिळून पक्षाघाताचा धोका वाढतो.

शाळेचं विचाराल तर कायद्याचा आधार तोकडा आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या 21 प्रकारांत अर्धशिशी नाही, त्यामुळे त्या प्रमाणपत्राच्या मागे धावू नका. मुख्याध्यापकांना तेच एक पान दाखवा आणि छोट्या गोष्टी मागा: फडफडणारी ट्यूब बदलून देणं, उन्हातल्या कवायतीतून सूट, झटका आला तर वीस मिनिटं अंधारात बसायला जागा. "सगळ्यांचंच डोकं दुखतं" असं कुणी म्हणेलच. खरंच आहे, कर्नाटकात घरोघरी केलेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी होणारे प्रौढ 25.2 टक्के निघाले होते. म्हणजे स्टाफरूममध्ये अजून कुणीतरी गुपचूप गोळी खातच असेल. जागतिक पातळीवर 2019 च्या आकडेवारीत तरुण स्त्रियांना अपंगत्व आणणाऱ्या कारणांत ही पहिल्या क्रमांकावर होती.

आणि रोजच्या दुखण्यानं मन खचतं, ते दुखण्याचं कारण नसून बरेचदा परिणाम असतो, पण म्हणून कमी खरं नसतं. कधी जगणं नकोसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि माझ्यासारख्या कुणाकडे गेलात तर हेही सांगा. त्यावर उपचार केले की डोकंही सुधारतं.

सुंठीचा लेप लावा की! सासूबाई उगाळून देतायत, कपाळावर हात ठेवतायत, तर नाही कशाला म्हणायचं. कातडीची आग झाली तर धुऊन टाका, डोळ्यांत जाऊ देऊ नका. फक्त गोळी आधी घ्या आणि लेप मग. लेप वाळेपर्यंत वाट बघण्यात तो पहिला तास जातो.